साठीला मोडलेलं लग्न

माझे यजमान कुंभकोणच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होते. शाळेत ते मुलांना मारायचे आणि घरी मला. शाळेतल्या माराला शिस्त म्हणत, घरातल्याला काही नाव नव्हतं. आमच्या रस्त्यावर बऱ्याच घरांतून तो आवाज यायचा. कावेरीवर धुणं धुताना बायकांना एकमेकींच्या दंडावरचे वळ दिसायचे. मग कोणीतरी म्हणायची, काल सांबारात चिंच जरा जास्तच झाली, आणि सगळ्याजणी चिंचेवर बोलत राहायच्या.

मी अकरा वर्षांची असताना आमचं लग्न झालं. हे एकोणीस वर्षांचे होते. लग्न म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. अंगावर रेशमी साडी आणि हातात नारळ दिला होता, तो जड होता, एवढं आठवतं. पहिला मार कधी बसला तेही आठवत नाही. आठवतो तो कानाचा. मुलगी तान्ही होती, रडायची थांबेना. ह्यांनी तिला मारलं नाही, मला मारलं. कानशिलात अशी बसली की मी चुलीशेजारी पडले. कानातून बरेच दिवस रक्त आणि पू येत राहिला. वैद्यांनी लसणाचं तेल घातलं. पू थांबला, पण डावा कान गेला तो गेलाच, आणि आत बारीक शिट्टी वाजायला लागली ती आजही वाजते. मी नदीवर बायकांना सांगायची, "ड्रिल मास्तराची बायको मी. माझ्या कानातसुद्धा शिट्टीच वाजणार." त्या हसायच्या. मीही हसायची. त्या काळी माझ्याकडे तेवढीच एक युक्ती होती.

एकदा मात्र मी माहेरी पळून गेले होते. माझं माहेर सुंदरपेरुमाळ कोयिल. तंजावरच्या गाडीने जवळच आहे, स्टेशनवर उतरलं की भाताची खाचरं सुरू होतात. मनगट मोडलं होतं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी हे न्यायला आले. माझा धाकटा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा असेल. तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "अक्काचा हात बरा होईपर्यंत ती येणार नाही." ह्यांनी त्याला एक थोबाडीत दिली. पोर ओट्यावरून खाली पायरीवर तोंडावर पडलं आणि त्याचा ओठ फाटला. वडील आतून पाहत होते. ते बाहेर आले, जावयाला म्हणाले, "कॉफी घेऊन निघा, गाडीला वेळ आहे." मी मोडक्या हाताने बोचकं घेतलं आणि परत गेले. पुढे भावाने त्या ओठावर मिशी राखली.

आता हे सगळं आधी सांगितलं, कारण साठीच्या दिवशी जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

हे निवृत्त झाले तसे घरातच असायचे. शाळेतली मुलं सुटली, मी सापडले. पण वयही व्हायला लागलं होतं. एका सकाळी कॉफी पातळ झाली म्हणून ह्यांनी उजवा हात उचलला आणि तो वरच राहिला. खांदा धरला. हात खाली येईना, पुढे जाईना. रस्त्यावर गाड्या थांबवणाऱ्या पोलिसासारखे हे स्वयंपाकघरात उभे. मी मार चुकवायला वाकले होते. बराच वेळ काही पडलं नाही म्हणून वर पाहिलं. ह्यांचे डोळे विस्फारलेले.

"अगं, हात..." हे म्हणाले.

"काय झालं हाताला?"

"येत नाही खाली."

मला हसू आलं. पदर तोंडात कोंबला तरी ते नाकातून बाहेर आलं. ह्यांनी मला लाथ मारली, पण एक हात वर अडकलेला माणूस लाथ मारायला गेला की तोल जातो. हे पिठाच्या डब्यावर बसले. मग मीच त्यांना उठवलं, पाटावर बसवलं आणि खांद्याला तेल चोळत राहिले. चोळता चोळता मनात आलं, हा हात बरा झाला की कोणावर उठणार ते मला माहीत आहे, आणि तरी मी चोळते आहे. पण थांबले नाही. दुखत होतं ते खरंच दुखत होतं.

हात खाली आला पण त्यानंतर खांद्याच्या वर जाईना. तेव्हा हे हाताला येईल ते फेकायला लागले. डाव्या हाताने. नेम वाईट होता, त्यामुळे सुरुवातीला भिंतीला खड्डे पडले. पण रोज सराव केला की कोणालाही जमतं. एका दुपारी डवरा, म्हणजे कॉफी निववायची पितळी वाटी, माझ्या भुवईवर बसली. डोळ्यात रक्त गेलं, समोरचं दिसेना. शेजारचे कंपौंडर येऊन टाके घालून गेले आणि जाताना ह्यांना म्हणाले, "मास्तर, जरा जपून. तुमचंही वय झालं." माझ्या वयाबद्दल ते काही बोलले नाहीत.

तिरुचीहून मुलगी आली तेव्हा भुवई अजून सुजलेली होती.

"अम्मा, हे काय?"

"अप्पांची साठी जवळ आली ना गे, त्याची तयारी."

तिला हसू आलं नाही. ती माझ्यासारखी नव्हती. तिचा नवरा शांत माणूस होता, तिला हसण्याची गरज पडली नव्हती. पण ती साठीशांत करायची म्हणूनच आली होती. आमच्या भागात त्याला साठीचं लग्नच म्हणतात. नवराबायकोला पुन्हा पाटावर बसवतात, कलशांतलं मंत्रलेलं पाणी सगळे डोक्यावर ओततात, आणि मग साठ वर्षांचा नवरा बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतो. ह्यांना ते फार पसंत पडलं. जरीचं धोतर, सगळ्यांनी पाया पडायचं, जुने विद्यार्थी येणार. ह्यांनी आठवडाभर कोणाला काही फेकून मारलं नाही.

आमचे शास्त्री म्हातारे होते, आमच्याच मराठी बोलणाऱ्या माणसांतले. ते मुहूर्त सांगायला आले, ओसरीवर बसले, आणि कोण कुठे बसायचं ते समजावून सांगत होते. मंगळसूत्राचं आलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला पुन्हा लग्न करायचं नाही."

शास्त्रींना वाटलं, थट्टा करते आहे. "असं म्हणून कसं चालेल बाई? हा योग भाग्याने येतो."

"पहिल्या वेळी मला कोणी विचारलं नाही. मी अकरा वर्षांची होते. ह्या वेळी तरी विचारणार आहे का कोणी?"

हे आत गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले. बाहेर आले ते शाळेतली वेताची छडी घेऊन, डाव्या हातात. पहिली माझ्या पाठीवर बसली. दुसरी यायच्या आत मुलगी मध्ये आली आणि ती तिच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत उमटली. लग्न झाल्यापासून तिच्यावर कोणी हात उचलला नव्हता. तिने हाताकडे पाहिलं, मग बापाकडे. मग छडी टोकाला धरून ओढली. म्हाताऱ्याच्या डाव्या हातातून ती सहज निघाली. मुलीने ती गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला, मोडेना, वेत चांगला होता. तेव्हा ती न्हाणीघरात गेली आणि पाण्याच्या हंड्याखालच्या चुलीत ती छडी घालून टाकली. हे दारात उभे राहून पाहत होते. छडी जळताना तिच्यातून फुसफुस आवाज यायला लागला.

"तीस वर्षांची छडी होती ती," हे म्हणाले. आवाज रडवेला होता.

"माझं वय त्याहून जास्त आहे," मुलगी म्हणाली.

शास्त्री बिचारे ओसरीवरच होते. मी पाठ चोळत बाहेर आले तेव्हा ते खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "विचारायला हरकत नाही बाई. पण त्याला मंत्र नाही."

"मंत्र नसेल तर साध्या मराठीत विचारा."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "विचारा हो. नाही म्हणून जाईल कुठे?"

साठीचा दिवस मार्गशीर्षातला. अंगणात मांडव घातला होता. भाऊ सकाळच्या गाडीने केळीचे दोन खुंट, केळीची पानं आणि माहेरची साडी घेऊन आला. खुंट दाराला बांधले, जादा देठ कोयत्याने तासले आणि कोयता मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला. ह्यांना त्याने वाकून नमस्कार केला, तोही हवेला.

आम्ही दोघं शेजारी शेजारी पाटांवर बसलो. पुढे कलशांच्या रांगा, प्रत्येकाला सूत गुंडाळलेलं, वर आंब्याची पानं. जपजाप्य झालं, होम पेटला आणि पाणी ओतायला सुरुवात झाली. आधी नातेवाईक, मग शेजारी. मार्गशीर्षातलं विहिरीचं पाणी. माझे दात वाजायला लागले. ह्यांचेही. दोन म्हातारी माणसं ओल्या रेशमात कुडकुडत बसली होती आणि लोक म्हणत होते, किती छान दिसतात.

मग विद्यार्थी आले.

कोणी वकील झालेला, कोणी भाताचा व्यापारी, कोणी पोस्टमास्तर. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, चाळिशीपुढचे पुरुष. कोणी चेष्टा करत नव्हतं, सगळे गंभीर, हात जोडून रांगेत उभे. पण इतरांनी पाणी हळूहळू ओतलं होतं. हे लोक हात पूर्ण वर नेऊन, उंचावरून, एकदम ओतत होते. धबधब्यासारखं. ह्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. एकाने ओतलं की हे तोंड उघडत, तेवढ्यात दुसरा. पोस्टमास्तर दोनदा रांगेत उभा राहिला. हे मी पाहिलं.

मग वकिलाची पाळी आली. त्याने हात वर नेला आणि त्याच्या हातून तांब्याच निसटला. निसटला असं तो म्हणाला. भरलेला पितळी तांब्या ह्यांच्या टाळूवर असा आदळला की घंटेसारखा आवाज झाला. कपाळावरच्या गंधातून रक्ताची धार खाली आली.

हे उठले. ओलं धोतर सावरत डाव्या हाताने त्यांनी वकिलाचा कान पकडला आणि पिळला. शाळेत पिळायचे तसाच, वरून खाली. आणि तो चाळिशीतला, कोर्टात जज्जासमोर बोलणारा माणूस टाचा वर करून ओरडला, "चुकलं सार! परत नाही करणार सार!"

मी हसले. ह्या वेळी पदर तोंडात कोंबला नाही, पदर ओला होता. मांडवभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले.

ह्यांनी कान सोडला, खाली पडलेला तांब्या उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. फेकला नाही. हातात धरून मारला. नाकात काहीतरी मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मी पाटावरून मागे पडले. तोंडात रक्ताची चव आली. लोक उभेच होते. एवढ्या माणसांतून एकही जण हलला नाही, कारण मास्तर बायकोला मारत होते.

भाऊ हलला. त्याने दाराचा केळीचा खुंट उपटला आणि दोन्ही हातांनी तो ह्यांच्या बरगड्यांत घातला. हे कलशांच्या रांगेवर पडले. नारळ गडगडत गेले. एका कलशाच्या काठावर तोंड आपटलं आणि पुढचे दात गेले. भावाने खुंट पुन्हा मारला, पाठीवर. पुन्हा मारला. केळीचा खुंट मऊ असतो, तो फुटला आणि त्यातलं पाणी सगळीकडे उडालं. तेव्हा त्याने तो टाकला आणि कोयता घेतला.

आता बायका किंचाळल्या. मुलगी म्हणाली, "मामा!" शास्त्री होमाच्या पलीकडे सरकले. हे पालथे पडलेले, एका हाताने मान झाकलेली. मी कशी उठले ठाऊक नाही. भावाचा हात खाली यायच्या आत मी कोयताच धरला. तळहात चिरला, आतलं पांढरं दिसलं, पण सोडला नाही.

"सोड अक्का," तो म्हणाला. तो रडत होता. मिशी थरथरत होती.

"नाही सोडणार. आज माझं लग्न आहे. लग्न करायचं की विधवा व्हायचं ते मी ठरवीन. तू नाही ठरवायचं."

त्याने हात ढिला केला. वकिलाने पुढे होऊन कोयता माझ्या हातातून काढला आणि सरळ विहिरीत टाकला. मग स्वतःचा लाल झालेला कान धरून बाजूला उभा राहिला.

ह्यांना चौघांनी उचलून पाटावर बसवलं. मला माझ्या पाटावर. मुलीने माझ्या हाताला नव्या साडीचा काठ फाडून बांधला. माझं नाक एका बाजूला गेलेलं, ह्यांच्या डोक्यातून आणि तोंडातून रक्त. होमात तूप पडत नव्हतं म्हणून धूर झाला होता. शास्त्री उभे राहिले, सर्वांकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील की उठा, संपलं. पण त्या माणसाने शब्द पाळला. म्हणाले, "बाई, ह्या मनुष्याशी लग्न करता का?"

साध्या मराठीत. मांडवातल्या तमिळ लोकांनासुद्धा कळलं, काय विचारलं ते.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला गेले, पण समोरचे दात नव्हते, तेव्हा नुसतं "फ... फफ..." निघालं आणि रक्ताचा एक बुडबुडा आला. माझी मुलगी, जिला हसण्याची गरज कधी पडली नव्हती, ती तोंडावर हात ठेवून खाली बसली. तिचे खांदे हलत होते. ती रडते की हसते मला कळेना. तिलाही कळत नसावं.

"आज नाही," मी म्हणाले.

मग सगळे जेवले. हे मी खोटं सांगत नाही. स्वयंपाक तयार होता, पानं मांडलेली होती, आणि कुंभकोणात कोणी जेवणाला पाठ दाखवत नाही. पंगती उठल्या तेव्हा एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लग्न मोडलं तरी पायसम छान होतं हो." मी संध्याकाळच्या गाडीने भावाबरोबर माहेरी गेले. स्टेशनवर लोक माझ्या नाकाकडे पाहत होते. भावाने कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "साठीशांत होती."

माहेरी मी सुगी होऊन गेली तरी राहिले. नाक जसं बसलं तसं बसलं. गळ्यात जुनंच मंगळसूत्र होतं, ते मी काढलं नाही. हे कुंभकोणात एकटेच होते. जवळच्या हॉटेलातून डबा यायचा. मद्रासहून आलेल्या एका दंतवैद्याकडून कवळी करून घेतली होती, ती सैल होती, असं मुलगी येऊन सांगायची.

एका दुपारी हे आले. स्टेशनवरून उन्हातून चालत, छत्री घेऊन. भाऊ शेतावर होता. मी अंगणात भात वाळत घालत होते. हे ओट्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "घरी चल."

'घरी' म्हणताना वरची कवळी खाली आली आणि 'चल' म्हणताना परत वर गेली. मध्ये टक् आवाज झाला. मी हसले.

ह्यांनी छत्री उगारली. मी ती धरली. खांदा धरलेला, साठ वर्षांचा माणूस, उन्हातून आलेला. छत्री माझ्या हातात आली. आणि मग मी तीच छत्री ह्यांच्या नडगीवर मारली. जोरात मारली, होती तेवढ्या सगळ्या ताकदीने. बावन्न वर्षांत मी माणसाला पहिल्यांदा मारत होते. हाडाचा आवाज कसा येतो ते मला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने ऐकू आलं.

हे ओट्यावर बसले. नडगी दोन्ही हातांनी धरली. माझ्याकडे पाहत राहिले, राग नव्हता, नुसतं आश्चर्य. लहान मुलाच्या तोंडावर असतं तसं.

"लागलं गं," हे म्हणाले.

"हो. लागतं."

मला बरं वाटत नव्हतं. छत्री ओट्याला टेकवून ठेवली. वाटलं होतं, कधी मारलं तर आतून मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मी आत गेले, ह्यांना ताक आणून दिलं, नडगीवर हळद लावली. हे ताक पिऊन पुढच्या गाडीने परत गेले. छत्री विसरले.

त्यानंतर हे दर आठवड्याला यायला लागले. भाऊ असेल तेव्हा ओट्यावर बसत, आत येत नसत. भाऊही बाहेर जात नसे. दोघं समोरासमोर बसलेले. एकदा भावाने विचारलं, "भावोजी, पाठीला कसं आहे?" हे म्हणाले, "पाऊस आला की दुखते." भाऊ म्हणाला, "ओठपण." एवढंच बोलणं झालं. पुढच्या वेळी भावाने त्यांना आत जेवायला बोलावलं.

मी परत गेले ती माझ्या खोलीला आतून कडी बसवून घेऊन. मुलीने तिरुचीहून सुतार आणून ती बसवली. त्यानंतर ह्यांनी मला कधी मारलं नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. एकदा मारलं. दोन वर्षांनी, पेपर सापडेना म्हणून, डाव्या हाताने पाठीत. मी चूल विझवली, चप्पल घातली आणि स्टेशनवर गेले. महिन्याभराने परत आले. त्यानंतर नाही.

मग आम्ही म्हातारे झालो. ह्यांना ऐकू येईना, मला एका कानाने यायचं. आम्ही एवढ्या मोठ्याने बोलायचो की शेजारचे लोक धावत यायचे. दारात कंपौंडर उभे, हातात पट्ट्यांची पेटी. आणि आम्ही आतून विचारायचो, "काय झालं?" मी नुसती भाजी आणायला पाठवत होते हो ह्यांना. हे एकदा कवळी पाण्यात ठेवली होती तो पेला उचलून ताक समजून प्यायला गेले. कवळी ओठाला लागली तेव्हा ओरडले, "मला कोणीतरी चावलं!" आम्ही दोघं हसून हसून भिंतीला टेकलो. पंचेचाळीस वर्षांत आम्ही एकाच गोष्टीला एकाच वेळी पहिल्यांदा हसलो असू. मला त्याचा आनंद झाला आणि रागही आला. एवढं सोपं होतं, आणि आत्ता?

ह्यांच्या साठीच्या पुढच्या वर्षांत गावात अनेकांच्या साठ्या झाल्या. आम्हाला बोलावणं यायचं, आम्ही जायचो. लोक आम्हाला पाटांपासून आणि कलशांपासून लांब बसवायचे.

माझी साठी आली तेव्हा ह्यांच्या साठीला आठ वर्षं झाली होती. बाईच्या साठीला काही करत नाहीत. नवऱ्याच्या साठीत तिचं सगळं येऊन जातं. ह्यांना त्या वर्षी पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती, तीच, आधीपासून अर्धी गेलेली. तोंड वाकडं, बोलणं समजत नसे. माझ्या वाढदिवसाला मुलगी आणि भाऊ दोघंही आले. भावाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मुलीने पायसम केलं. पाणी ओतायचं कोणी नाव काढलं नाही.

मी वाटी घेऊन ह्यांच्याजवळ बसले आणि भरवायला लागले. हे खात होते. मग काय मनात आलं कोण जाणे, चमचा बाजूला करून त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, माझं बोट तोंडात घेतलं आणि चावले. पूर्ण ताकदीने. डोळे आवळून, मानेच्या शिरा ताणून. कवळी काढलेली होती. नुसत्या हिरड्या. मऊ, गरम, पायसमाने चिकट झालेल्या.

"मामा, पाहा पाहा, अप्पा चावले!" मुलगी ओरडली. भाऊ दारातून धावत आला.

मी बोट काढलं नाही. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, लागलं का ते पाहायला. मी मान हलवली, नाही म्हणून. तोंडाची चांगली बाजू आधी हलली, मग घशातून घरघर आली. हे हसत होते. पायसम हनुवटीवरून खाली ओघळलं.

मी त्यांचं तोंड पुसलं. मग उरलेली वाटी घेऊन ओसरीवर भावाशेजारी जाऊन बसले आणि पायसम मीच खाल्लं, काजूसकट. भावाने विचारलं, "अक्का, आता कितवं लागलं गे तुला?"

"एकसष्टावं," मी म्हणाले. "आणखी आहे का बघ आत."